गल्लीची सही

आमच्या सरांबद्दल विद्यापीठ आणि गाव यांचं एका बाबतीत एकमत होतं: माणूस थोडा सरकलेला आहे. विद्यापीठातले म्हणायचे, प्राध्यापक असून हा दिवसभर गल्लीबोळांत काय करतो? गल्लीतले म्हणायचे, एवढा शिकलेला माणूस, याला दुसरं काम नाही का? सर दोघांनाही हसून हात करायचे आणि पुढे चालू लागायचे.

एम.ए.ला ते आम्हाला मध्ययुगीन इतिहास शिकवायचे. उंच, थोडे पुढे वाकलेले, आणि शर्टाच्या खिशात पेनाऐवजी भलतंच काहीतरी. पहिल्या तासाला त्यांनी तो खिसा टेबलावर रिकामा केला. खापराचे दोन तुकडे, चुन्याचा खडा, एक गंजलेला खिळा. "यातलं सगळ्यात नवं काय, सांगा." आम्ही एकमुखानं खिळा म्हणालो. खिळाच सगळ्यात जुना निघाला. "आणि ही खापरं कालची," सर म्हणाले, "आमच्या घरचा माठ. माझ्याच हातून फुटला. इतिहासात कुणी फोडला हे आधी सांगायचं असतं."

जुन्या गावात ते कधी वाहनात बसायचे नाहीत. दुसरा तास त्यांनी चालत घेतला, विद्यापीठाच्या फाटकापासून खाली गावाच्या दगडी दरवाजापर्यंत. वाटेत कुणी बोलायचं नाही, नुसतं ऐकायचं आणि दरवाजाशी पोचल्यावर सांगायचं. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, "कुणीतरी कापूस पिंजू राहिलंय, सर." सगळे हसले. मी वैजापूरकडच्या एका वाडीतली. बाप मेंढ्या राखणारा. माझी बोली अशी की तोंड उघडलं की हशा ठरलेला. सरांनी हसणाऱ्यांकडे पाहिलं. "तुमच्यापैकी कुणी ऐकलं का कापूस पिंजताना?" कुणीच ऐकलं नव्हतं. "मग हिला हसण्याआधी कान धुवून या."

दोन वर्षांत वर्गात मला पुन्हा कुणी हसलं नाही. निदान सरांसमोर तरी नाही.

'लोकल लोक' हा शब्द त्यांना अजिबात खपायचा नाही. "लोकल म्हणजे कोण? ते इथले. मग आपण कुठले?" असं विचारून ते समोरच्याचं उत्तर येईपर्यंत थांबून राहायचे. उत्तर यायचं नाही, आणि तास तिथंच अडकायचा.

त्यांचा सगळ्यात आवडता तास होता विद्यापीठांच्या गावांवरचा. मध्ययुगात युरोपात विद्यापीठं उभी राहिली, तेव्हा गावकरी आणि विद्यार्थी यांच्यात कशा मारामाऱ्या व्हायच्या, ते सर अगदी डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगायचे. पोरं परगावची, अंगात लांब झगे, गावच्या कोतवालाचा त्यांच्यावर अधिकार नाही. खोलीचं भाडं, पावाचं वजन, दारूची चव, ठिणगीला काहीही पुरायचं. मग गावची घंटा वाजायची, तिकडून विद्यापीठाची घंटा वाजायची, आणि दोन्हीकडून माणसं हाती लागेल ते घेऊन धावायची. माणसं मरायची त्यात.

"भांडण कशाचं होतं?" सर विचारायचे.

आम्ही म्हणायचो, भाड्याचं, दारूचं.

"नाही. विद्वानांना गावाची भाकरी पाहिजे होती, पाणी पाहिजे होतं, डोक्यावर छप्पर पाहिजे होतं. फक्त गाव नको होतं."

माझ्या वर्गात सिल्लोडचा सलीम होता, त्यानं विचारलं, "आणि गावाचं काय, सर?"

"गावाला पोरांचं भाडं पाहिजे होतं. पोरं नको होती."

सरांचा एक नियम होता, त्यापायी विभागात त्यांची कायम टिंगल व्हायची. आमच्या प्रबंधिकेत ज्या माणसांबद्दल लिहिलं असेल, त्यांना ते प्रकरण आधी वाचून दाखवायचं. त्यांनी हो म्हटलं की खाली त्यांची सही किंवा अंगठा घ्यायचा. मग सर वाचणार. हिमरू शाली विणणाऱ्यांवर लिहिणाऱ्या एका मुलीला एका म्हाताऱ्या विणकरानं तीन वेळा परत पाठवलं होतं, शेवटी ती रडकुंडीला आली. सरांनी तिला चौथ्यांदा पाठवलं.

एकदा माझे वडील, अण्णा, मला भेटायला विभागात आले. खांद्यावर घोंगडी, हातात भाकरीचं गाठोडं. दाराशी त्यांना कुणीतरी हटकलं. सरांनी ते पाहिलं आणि अण्णांना हाताला धरून थेट वर्गात आणलं, खुर्चीत बसवलं. "मेंढ्या घेऊन चार महिने चालता, तेव्हा पाणी कुठं लागेल हे कसं ओळखता, ते या पोरांना सांगा." अण्णा घाबरले. घोंगडीची दशी ओढत बसले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पाच मिनिटं सर नुसते वाट पाहत उभे. शेवटी अण्णांनी खिडकीतून बाहेर पाहिलं आणि म्हणाले, "तुमच्या ह्या बंगल्याखालून पाणी जातंय. त्या भिताडापाशी झाड बघा, भर उन्हाळ्यात हिरवंगार हाय." सरांनी जोरात टाळी वाजवली. विभागाच्या भिंतीमागून जुन्या नहरीचा एक फाटा जात असावा, असा त्यांना अनेक वर्षं संशय होता.

जाताना मी विचारलं, कसे वाटले सर? अण्णा म्हणाले, "मास्तर भला माणूस हाय. पण ऐकतो लई. इतकं ऐकणाऱ्याच्या मनाला कायतरी टोचत असतंय."

तेव्हा मी ते हसण्यावारी नेलं.

अण्णांच्या त्या झाडामुळेच मी माझा विषय नहर घेतला. शेकडो वर्षांपूर्वी डोंगराकडचं पाणी जमिनीखालून खापरी नळांनी गावात आणलं होतं, ती नहर. विद्यापीठालगतच्या ज्या वस्तीत मी खोली घेऊन राहत होते, तिथून ती जायची. वसतिगृहात जागा मिळाली नव्हती. घरमालकीण साठीच्या पुढची, आम्ही सगळे तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचो. तिच्या अंगणात मधोमध एक गोल दगडी झाकण होतं. दर शुक्रवारी ती ते घासून स्वच्छ करायची, आणि मी त्यावर माझे कपडे धुवायचे.

त्या वस्तीत आणि विद्यार्थ्यांत तेव्हा पाण्यावरून सारखे तंटे व्हायचे. नळ कितीतरी दिवसांनी यायचा. आला की खोल्यांतली पोरं आपले ड्रम आधी लावायची. वस्तीतले म्हणायचे, हे विद्यापीठवाले दोन वर्षांचे पाहुणे, आणि यांना रोज दोनदा आंघोळ. पोरं म्हणायची, भाडं देतो, फुकट नाही राहत. खाला मात्र मला तिच्या ड्रममधून बादली काढून द्यायची. "तू मेंढरांवाली है, पानी की कदर है तेरे कू," म्हणायची.

सरांची आणखी एक सवय सांगायची राहिली. गावात फिरताना त्यांच्या पिशवीत स्टीलचा पेला असायचा, आणि ते कुणाच्याही दारी उभे राहून पाणी मागायचे. पाण्याबरोबर गप्पा निघायच्या, गप्पांतून सात पिढ्या. पण आमच्या गल्लीत ते कधी आले नाहीत. तोंडाशी थांबायचे. मी म्हणायचे, "या ना सर, खालांकडं चहा घ्या." ते म्हणायचे, "नको, ऊन फार आहे." डिसेंबरातही तेच.

दुसऱ्या वर्षी माझं नहरीवरचं प्रकरण लिहून झालं. नकाशाही काढला होता, कुठल्या घराच्या अंगणात नहरीचं तोंड आहे ते खुणा करून. सरांना द्यायच्या आधी गल्लीत वाचून दाखवायचं होतं. पण त्याच आठवड्यात एका पेपरचा वार्ताहर विभागात आला. त्यानं नकाशा पाहिला, म्हणाला, ही तर मोठी बातमी आहे, तुमचं नाव छापून येईल. आमच्या वाडीतल्या कुणाचं नाव पेपरात कधी आलं नव्हतं. मी नकाशा दिला, प्रकरणही दिलं.

बातमी आली. 'वस्तीतली घरे प्राचीन नहरीवर, विद्यार्थिनीच्या संशोधनातून उघड.' मी चार अंक विकत घेतले. एक अण्णांना पाठवला.

तिसऱ्या दिवशी कुठल्याशा कार्यालयाची दोन माणसं टेप घेऊन गल्लीत आली. घरं मोजली आणि पाडायच्या घरांवर टाकतात तसे दारांवर लाल रंगानं आकडे टाकले. विचारलं तर म्हणाले, आम्हाला काही माहीत नाही, वरून सांगितलंय. त्यांच्या हातात माझा नकाशा होता.

मी दुपारी वर्गातून आले तर माझी पेटी रस्त्यावर. दाराशी खाला उभी. रडत नव्हती, ओरडतही नव्हती. एवढंच म्हणाली, "मेरे घर का नक्शा पेपर में देदी? मेरेच आंगन में बैठ के बनाई, और देदी?"

गल्ली गोळा झाली. सलीमनं पाहिलं आणि तो वसतिगृहाकडे पळाला. तिथून तीसेक पोरं आली, काहींच्या हातात हॉकीच्या काठ्या. आमच्या मुलीला घराबाहेर काढतात म्हणजे काय! गल्लीतून कुणी वीट उचलली. गल्लीच्या तोंडाशी इकडे ते, तिकडे हे, मधे मी आणि माझी पेटी. सलीम एकटा दोन्हीकडे हात जोडत होता, त्याचं कुणी ऐकत नव्हतं.

तेवढ्यात सर आले. विद्यापीठापासून पळत आले असावेत, श्वास लागला होता. आधी पोरांकडे गेले. "बसा."

"सर, त्यांनी हिला..."

"बसा म्हणतो ना. रस्त्यावरच बसा."

तापलेल्या रस्त्यावर पोरं बसली. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर बसली नसती. मग सर गल्लीकडे वळले. "तुम्हाला काय सांगू? गल्ली तुमची आहे. फक्त दहा मिनिटं द्या." आणि मला म्हणाले, "प्रकरण आहे ना पेटीत? काढ. वाच."

"आत्ता, सर?"

"आधीच वाचायला पाहिजे होतं."

भर रस्त्यात मी पेटी उघडली. कपडे बाजूला करून फाईल काढली आणि वाचायला लागले. 'सदर परिसरातील निवासी बांधकामांच्या अधोभागी स्थित जलवाहिन्यांचे...' दोन परिच्छेद झाले असतील, तेवढ्यात गल्लीतला एक शिंपी ओरडला, "अगे, मराठी में बोल ना!"

दोन्हीकडचे हसले. मीही हसले, आणि हसता हसता मला रडू आलं. सर म्हणाले, "बरोबर बोलतायत ते. मराठीत सांग."

मग मी कागद खाली करून आमच्या वाडीच्या बोलीत सांगू लागले. पाणी कुठून येतं, कुठून वळतं, कुणाच्या घराखालून जातं. अडलं तिथं खालाकडून शिकलेली हिंदी. माणसं जवळ सरकून ऐकू लागली. मी त्या वाक्यापाशी आले, ज्यात मी लिहिलं होतं की काळाच्या ओघात अतिक्रमणं झाली आणि नहरीची तोंडं घरांच्या अंगणात गेली. तो शब्द तोंडापर्यंत आला. समोर खालाचं उघडं दार, अंगण, आणि ते घासून घासून गुळगुळीत झालेलं झाकण. दोन वर्षं मी त्यावर कपडे धुतले होते.

मी थांबले.

"पुढं?" सर म्हणाले.

"पुढं लिवलंय, सर. पण ते मी खालांना कधी इचारलंच नाय."

"पूछती तो बोलती ना मैं," खाला म्हणाली. आणि ती बोलू लागली. घरं नहरीवर आली नव्हती. नहरीसाठी घरं बसवली होती. या गल्लीतल्या आठ घरांचे पूर्वज नहरीतला गाळ काढणारे. पाणी थांबलं की दोराला धरून ते आत उतरायचे. त्या कामासाठी त्यांना इथं जागा दिली होती, आणि झाकण सांभाळणं ही त्यांची जबाबदारी होती. तिचा सासरा शेवटचा उतरलेला. पाणी केव्हाच बंद झालं, झाकण घासायची रीत तेवढी राहिली.

"याचा काही कागद?" पोरांतल्या एकानं विचारलं.

"था. सनद थी, फारसी में." खालानं हात वर केला आणि सरांकडे बोट केलं. "इनों लेको गये."

सरांनी पिशवी खाली ठेवली. "हौ, खाला. मैंच लेको गया था." मग आमच्याकडे वळून, वर्गात सांगत तशाच आवाजात म्हणाले, "मी तेव्हा तुमच्याएवढा होतो. तीन दिवसांत परत देतो म्हणून सनद नेली. माझ्या मार्गदर्शकांनी बघायला मागितली, मी दिली. परत मागायची हिंमत झाली नाही. ते वारले, त्यांची कपाटं उपसली गेली, सनद कुठं गेली कळलं नाही. तिच्या आधारावर मला पीएच.डी. मिळाली. या गल्लीत यायला मला तोंड नव्हतं."

एवढं बोलून ते पोरांच्या पुढे रस्त्यावर बसले.

खाला त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "इत्ते बरसां में एक बार बोल देते," एवढंच म्हणाली. तिनं माफ केलं असं मला नाही वाटत. पण आत जाऊन तिनं पाण्याचा तांब्या आणला आणि उन्हात बसलेल्या पोरांना द्यायला लागली. वीट उचललेल्या माणसानं वीट भिंतीशी ठेवली आणि दुसरा तांब्या भरला. सरांनाही पाणी मिळालं. तो तांब्या दोन्ही हातांत धरून ते कितीतरी वेळ तसेच बसले होते, मग प्यायले.

पुढचं सगळं कागदोपत्री झालं. सनदेची सरांनी तेव्हाच हातानं उतरवून घेतलेली प्रत त्यांच्याकडे होती. मूळ कागदाशिवाय प्रतीला किंमत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी प्रतिज्ञापत्र केलं: मूळ सनद मी नेली, माझ्यामुळे हरवली, तिच्यात हा मजकूर होता. सुनावणीला खाला आणि गल्लीतले चार म्हातारे उभे राहिले, शेवटी सर उभे राहिले. पुढील आदेश होईपर्यंत घरांना हात लावू नये, असं सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी लिहून दिलं. पुढील आदेश अजून झालेला नाही. दारांवरचे लाल आकडे ईदला दारं रंगवली त्यात गेले.

सरांना मात्र त्याचं मोल द्यावं लागलं. विभागप्रमुखपद त्यांच्याकडे येणार होतं, ते आलं नाही. चौकशी बसली, त्यांच्या पदवीवर प्रश्न निघाले. पदवी राहिली, पण कॉरिडॉरमध्ये लोक त्यांना टाळू लागले. त्यांनी एकदाही मला दोष दिला नाही. त्यांच्या जागी मी असते तर दिला असता.

मी आठ दिवस मैत्रिणीच्या खोलीत काढले. मग सलीमच्या हाती खालाचा निरोप आला, "पेटी लेको आ जा." मी प्रकरण पुन्हा लिहिलं आणि तीन दुपारी तिच्या अंगणात बसून गल्लीला वाचून दाखवलं. त्यांनी सात चुका काढल्या. खालानं उर्दूत सही केली, शिंप्यानं मराठीत. सरांनी गुण दिले, ते पहिल्या वर्गाला थोडे कमी पडले. मी विचारायला गेले. "पेपरात आधी आलं, गल्लीत नंतर. त्याचे कापले," ते म्हणाले.

आता मी सिल्लोडच्या एका कॉलेजात शिकवते. गेल्या महिन्यात सरांकडे गेले होते. निवृत्तीनंतर थकलेत, फारसं चालवत नाही. मी ठरवूनच गेले होते, या वेळी मनातलं सगळं बोलायचं. म्हटलं, "सर, त्या दिवशी तुम्ही नसता तर मी आज कुठंच नसते. मला एकच विचारायचंय. खालांशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांनी बोट केलं तरी तुम्ही नाही म्हणू शकला असता. एका बाईच्या शब्दावर कुणी विश्वास ठेवला असता?"

सरांनी हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला. मला वाटलं, विचारायला नको होतं.

"नाही म्हणायच्या तयारीनंच आलो होतो मी," ते म्हणाले. "वाटेत सगळं ठरवलं होतं. तुम्हाला सोडवायचं आणि सनदेचं काही निघालं तर आठवत नाही म्हणायचं. मग तू वाचायला लागलीस आणि त्या शब्दापाशी थांबलीस. एवढ्या लोकांसमोर, पदवी पणाला लागलेली, आणि पोरगी थांबली. तुझ्या वयाचा असताना मला थांबता आलं नव्हतं." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझे आभार मानायचे राहिलेत इतकी वर्षं."

मी आभार मानायला गेले होते. आत कुकरच्या शिट्ट्या झाल्या आणि काकूंनी बाहेर येऊन सांगितलं, जेवल्याशिवाय जायचं नाही.